मागच्या खोलीची रेंज

१

राउटर घ्यायला मी एकटीच शिरूरला गेले. नवऱ्याला बरोबर नेलं असतं तर सुदर्शननं दुकानदाराशी घासाघीस करण्यातच सगळा दीस घालवला असता. मला तेवढा दम नव्हता. एस.टी.तनं उतरले ती तडक दुकानात. काउंटरला दीक्षा नावाची पोरगी होती, नखं रंगवलेली, बोलायला गोड.

"ताई, घर केवढं हाय? भिंती कशाच्या? रेंज कुठवर पाहिजे?"

"कुठवर नको ते आधी सांगते," मी म्हणलं.

ती हसली. मी काउंटरच्या काचेवर बोटानं आमचं न्हावऱ्याचं घर काढून दाखवलं. पुढं हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. हे सगळं स्लॅबचं. आन् पार मागं जुन्या घराची राहिलेली एकच खोली, पांढऱ्या मातीची, हातभर जाड भिंत, वर पत्रा. "हितं एक दांडी बी दिसली न्हाई पाहिजे," मी तिथं बोट ठेवून म्हणलं.

"तिथं कोण ऱ्हातं?"

"सासरे होते. वारले."

दीक्षानं एक पांढरा डबा पुढं ठेवला. "मग हा घ्या. यात दोन सिग्नल असत्यात ताई. एक लांबवर जातो, भिंतीतनं बी घुसतो, पण हळू चालतो. दुसरा लई फास्ट, पण जाड भिंत आली की मेला. लांबवाला बंदच ठेवा, मागं काय पोचत न्हाई." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "लोकं रेंज वाढवायला येत्यात. कमी करायला आलेल्या तुमीच पहिल्या."

तिला काय सांगणार? घरी बसून करायचं काम मिळालं होतं मला. एका कुरिअर कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायचे, पार्सल कुठं अडकलंय ते सांगायचं. मागच्या खोलीत रेंज आहे असं कळलं की सासू म्हणणार, तिथंच बस जा, मोकळी तर हाय. आन् त्या खोलीत परत पाय ठेवायचा न्हाई, असं मी म्हातारा गेला त्याच दिवशी ठरवलं होतं.

माझी पोरगी समृद्धी दौंडला माझ्या आईकडं वाढती. तीन वर्षांची होती तवा धाडली, कारण सासऱ्याला तिचा आवाज खपत नव्हता. आता चौथीत हाय. सुदर्शननं माझ्या भावादेखत शब्द दिला होता, "नोकरीत कायम होऊन दाखव. मग खुशाल दौंडला खोली घे, पोरीजवळ ऱ्हा." मला एवढंच पाहिजे होतं. पोरगी पाहिजे होती, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

डबा पिशवीत घातला आन् पुढची एस.टी. धरली.

२

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणत्यात. मी ठेवते.

आबा म्हंजी पोपटराव, माझा सासरा. सोसायटीचा चेअरमन राहिलेला माणूस, गावात दबदबा. झटका आला आन् कमरेखालचं सगळं गेलं, पण हात आन् जीभ शाबूत राहिली. चादर बदलून मी पाठ फिरवली की मुद्दाम घाण करायचा, आन् मी परत वळले की माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायचा. माझं नाव त्यानं कधी घेतलं न्हाई. बैलाला करत्यात तसं जिभेनं "च्च" करायचा, की मी जायचं. दुपारभर पाय चेपायला बसवायचा, ज्या पायांना काय कळत बी नव्हतं ते पाय. मी थांबले की हात पुढं करून मनगट धरायचा. तोंडावर मी "आबा, तुमी" म्हणायची. मनात काय म्हणायची ते सांगत न्हाई.

सासू साखरबाई त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बी फिरकायची न्हाई. "मला धुरळ्याचा त्रास हाय गं," म्हणायची. सुदर्शनला रांजणगावची ड्युटी. मग राहिलं कोण? घरची सून.

तो गेला तवा मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. लोकांना वाटलं रडती. सुंठीवाचून खोकला गेला होता, रडते कशाला!

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, आन् कावळा काय शिवंना. कावळे मोप होते, बाभळीवर बसून बघत होते. भटजींनी सांगितलं, मयताची इच्छा राहिली असंल तर बोला. मग एकेक जण हात जोडून पुढं झाला. चुलत्यांनी सांगितलं वावर विकणार न्हाई. सासूनं सांगितलं वरीसभर गोड खाणार न्हाई. कावळा ढिम्म. ऊन चढलं, पाव्हणं भुकेनं कासावीस झालं, कुणीतरी म्हणलं दर्भाचा कावळा करा आन् मिटवा.

तवा सुदर्शन पुढं झाला. "आबा, घरातलं माणूस कायम तुमच्यापाशी बसल. तुमची खोली मोकळी ऱ्हायची न्हाई."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला. एकदाच चोच मारली न्हाई, सगळा पिंड खाल्ला. पाव्हण्यांनी हुश्श केलं आन् जेवणाकडं पळाले. मला बी हसूच आलं, कारण माणसं वेळ मारून न्यायला काय वाट्टेल ते बोलत्यात, आन् कावळ्याला कुठं मराठी कळतंय.

३

फायबरची वायर ओढणारा सावळाराम येऊन राउटर हॉलमधी उंचावर बसवून गेला. लांबवाला सिग्नल बंद कर म्हणलं तर म्हणतो, "वैनी, पैसं भरून सिग्नल बंद? तुमची बी कमाल हाय." पण केला बंद. मी मोबाईल घेऊन मागच्या खोलीच्या दारात जाऊन आले. तिथं काय नव्हतं. लई बरं वाटलं.

पहिलं काही दीस सुखाचं गेलं. हेडफोन घातला की माझी भाषा पुण्याची व्हायची. "नमस्कार, मी अनिता. मी आपली काय मदत करू शकते?" सुदर्शन दारात उभा राहून नक्कल करायचा. कर म्हणलं, कर.

मग एका सकाळी बोलता बोलता आवाज तुटायला लागला. गिऱ्हाईक हॅलो हॅलो करतंय, मी हॅलो हॅलो करतेय. राउटर बंद करून चालू केला, तरी तेच. खुर्ची उचलून मधल्या खोलीत बसले तर चांगलं लागलं. म्हणलं, असंल काहीतरी. पुढच्या आठवड्यात मधल्या खोलीत तुटायला लागलं, आन् स्वयंपाकघरात लागलं.

आता मी काय अडाणी न्हाई, बी.ए. झालेय. जवळ तुटतंय आन् लांब लागतंय, असं कसं? सावळारामला बोलावलं. त्यानं सगळं तपासलं, डोकं खाजवलं. "कवा कवा लई जवळ बी चालत न्हाई वैनी. लाटा भिंतीवर आपटून माघारी येत्यात." खरं असंल. माझी इच्छा होती की खरं असावं.

शिरूरला जाऊन राउटर बदलून आणला. दीक्षानं कुरकूर केली न्हाई, चार शिंगांचा मोठा दिला. "आता अख्ख्या घरात धावंल बघा." मला आता अख्खं घर चालत होतं, फक्त हॉलमधी लागू दे. हॉलमधी तर लागंनाच. सावळारामकडनं वायर घेऊन थेट लॅपटॉपला जोडली. वायर! तिला भिंत न्हाई, लाट न्हाई. तरी दोन वाक्यं गेली की फोन मेला.

त्या दिवशी म्हाळसा मॅडमचा फोन आला. पुण्यातनं आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाई, मनानं चांगल्या, पण कामाला कडक. "अनिता, तुमचे खूप कॉल तुटतायत. असंच राहिलं तर मला तुमचं नाव पुढे पाठवता येणार नाही." मी व्हय मॅडम म्हणलं आन् डोळ्यापुढं समू आली, युनिफॉर्ममधी, वेणी घालून घ्यायला पाठमोरी बसलेली.

लॅपटॉप हातावर धरून घरभर फिरले. हॉलमधी शून्य, मधल्या खोलीत शून्य, स्वयंपाकघरात एक दांडी. मागच्या खोलीच्या दारात दोन. उंबरा ओलांडला, तीन. आबाच्या खाटंजवळ, ज्या बुटक्या स्टुलावर मी सहा वर्षं काढली त्याच्यापाशी गेले आन् सगळ्या दांड्या भरल्या.

तो भिंतीतनं घुसणारा लांबवाला सिग्नल नव्हता. फास्टवाला होता.

४

बसले. दुसरं काय करणार! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खाट हलवायला सासूनं मनाई केली होती, वर्षश्राद्ध होईस्तोवर न्हाई म्हणाली. मी स्टूल फिरवलं, खाटंकडं पाठ केली, लॅपटॉप धान्याच्या कोठीवर ठेवला. काम असं पळालं म्हणून सांगू! एक फोन तुटला न्हाई. म्हाळसा मॅडम खूश.

एक गोष्ट फक्त बरोबर नव्हती. खाटंवरची गोधडी मी सकाळी घडी करून उशाला ठेवायची. दुपारी जेवून आले की ती पायापर्यंत पसरलेली असायची. मांजर असंल. आमच्या घरी मांजर न्हाई, पण शेजारी हाय.

मग सासू चहा आणायला लागली. सहा वर्षांत जिनं उंबऱ्यापाशी पाय ठेवला न्हाई, ती रोज उंबऱ्यावर कप ठेवून जायची. एक न्हाई, दोन कप.

"दुसरा कुणाला, आई?"

"तुलाच की. दिवसभर बोलती, एक पुरतोय व्हय?"

दुसरा कप तोंडाला लावला तर बिनसाखरेचा. आमच्या घरात बिनसाखरेचा चहा एकच माणूस प्यायचा. म्हातारीची याददाश्त गेली असंल म्हणलं, आन् कप तसाच ठेवला. संध्याकाळी बघितलं तर रिकामा. मुंग्या पीत न्हाईत बिनसाखरेचा चहा, मला म्हायत हाय. पण तवा मी मुंग्यांवरच ढकललं.

एकदा दोन फोनांच्या मधी म्हाळसा मॅडम लाईनवर आल्या. "अनिता, तुमच्या इथे कोणी जीभ वाजवतं का? च्च, च्च करून? कस्टमरला ऐकू जातंय."

"पाल आहे मॅडम," मी म्हणलं. "पत्र्याखाली पाली फार आहेत." पाली होत्याच. पाल चुकचुकते तवा तसाच आवाज येतो, कुणालाबी विचारा.

त्याच दुपारी नागपूरच्या एका बाईचा फोन लांबला. तिचं रडगाणं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात मागं गेलाय आन् खाटंवर गोधडी चेपतोय. आपसूक, एका लयीत, दाब आन् सोड. किती वेळ चालू होतं देव जाणे. हात ओढून घेतला आन् मांडीखाली दाबून बसले. सवय, सवय, म्हणत राहिले. इतकी वर्षं केलं, हाताला सवय असणारच. बाईला मी पार्सल परवा पोचंल असं सांगितलं, पण माझा आवाज मलाच ओळखू येईना.

कायम व्हायला थोडेच दीस राहिले होते.

५

रविवारी मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, कायम झालात, अभिनंदन. मी लॅपटॉप मिटला आन् पळतच अंगणात आले. सुदर्शन गाडी पुसत होता, सासू कांदे निवडत बसली होती.

"कायम झाले! पुढच्या आठवड्यात दौंडला जाते. दादानं खोली बघून ठेवलीय."

मला वाटलं भांडण होणार. कंबर कसूनच आले होते. पण सुदर्शन फडकं झटकत म्हणाला, "जा की. ठरलंच व्हतं आपलं."

"मग समूला आजच घिऊन ये," सासू कांद्यावरनं नजर न काढता म्हणाली.

"तिला कशाला? मीच तिकडं चाललेय न्हवं!"

"तू चालली म्हणूनच की. खोली मोकळी ऱ्हाऊन चालतंय व्हय?"

मी दोघांच्या तोंडाकडं बघत राहिले. चेष्टा न्हाई, राग न्हाई. गव्हाला पाणी कोण देणार हे ठरवत्यात ना, तसंच.

"तुमाला... तुमाला बी ते च्च ऐकू येतं?"

"आमी काय बहिरं हाय का?" सुदर्शन म्हणाला. "दहाव्यापासनं येतंय. तू आत बसायला लागली तवापासनं घरात जरा शांतता हाय."

सासूनं हातातला कांदा ठेवला आन् मनगटावरचा पदर सारला. बांगड्या नव्हत्या. काळंनिळं वळ होतं, बोटांचं. "मागल्या रविवारी तू माहेरी गेलतीस. मग कोण बसलं असंल? जरा उठाया लागले तर सोडंना बाई." म्हशीच्या दाव्यानं बी असा वळ उठतो. मी स्वतःला हेच सांगत होते, आन् दाव्याला बोटं नसत्यात हे बी मला दिसत होतं.

"शब्द तुमी दिला," मी नवऱ्याला म्हणलं. "तुमी बसा की!"

"मला ड्युटी हाय." आन् जरा थांबून म्हणाला, "घरातलं माणूस बसल म्हणलो व्हतो. कोण ते बोललो न्हाई."

"ती चौथीतली पोर हाय, सुदर्शन!"

"बस म्हणलं की बसती ती. तुझ्यासारखी तोंड करत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या. कधी दिल्या नव्हत्या अशा दिल्या, शेजारच्या गच्चीवरनं माणसं डोकावली. सुदर्शननं शांतपणे गाडीला किक मारली आन् गेला. मला वाटलं तोंड चुकवायला पारावर गेला असंल. मी आत जाऊन कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

कपडे, कागद सगळं भरून दोन-तीन तासांनी बाहेर आले तर सासू मागच्या खोलीत होती. आत! पदर नाकाला लावून झाडत होती. तिनं बुटकं स्टूल पुसलं आन् खाटंच्या पायथ्याशी नीट सरकवून ठेवलं. तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

आईला फोन लावला. लागंना. अंगणात न्हाई, रस्त्यावर न्हाई, हॉलमधी न्हाई. शेवटी त्याच खोलीत जाऊन उभी राहिले तर पहिल्या रिंगला उचलला.

"अगं, जावई आलते की," आई म्हणाली. "तूच धाडलंस म्हणले. समू लई खूश! कवाच निघाले, पोचतीलच आता."

६

मी फाट्याकडं पळाले. उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला होता. त्याच्या पलीकडनं सुदर्शनची गाडी बांधावरनं आडवाटंनं गेलेली दिसली, पुढं टाकीवर समू बसलेली. मी हाका मारल्या. ट्रॅक्टरवर गाणी लावली होती. तशीच माघारी पळत आले.

मागच्या खोलीचं अंगणाकडचं दार सताड उघडं होतं. समू स्टुलावर बसली होती, खाटंकडं तोंड करून. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"आई! आजी म्हणली, तू येईपर्यंत आबांचे पाय चेप. असंच ना?"

तिचे दोन्ही हात गोधडीवर होते. दाबत होती, सोडत होती. खाट रिकामी असती तर गोधडी दाबली की सपाट झाली असती. ती सपाट होत नव्हती. समूच्या इवल्या बोटांखाली ती गोल, लांबुळकी राहत होती, गुडघ्यापासनं घोट्यापर्यंत. आन् उशाच्या बाजूनं गोधडीची कड हळूच वर आली. आतनं काहीतरी पुढं सरकत होतं, समूच्या मनगटाच्या दिशेनं. मी हात बघितला असं म्हणणार न्हाई. नखं बघितली. ती नखं मीच कापायची.

मी पोरीला बखोटीला धरून ओढली आन् दाराबाहेर लोटली. स्टुलावर बसले. गोधडीवर हात ठेवले.

हाताला नडगी लागली. गार, हाडकुळी. मला प्रत्येक उंचवटा पाठ होता.

कड तिथंच थांबली. मग हळूहळू खाली बसली.

"तिला... तिला परत सोडून या," मी नवऱ्याला ओरडून म्हणलं. "मी हाय. मी कुठं जात न्हाई. आबा, ऐकलं का? मी बसते."

सुदर्शन अंगणात होता. त्यानं गाडी बंद केली नव्हती. स्टँडवर बी लावली नव्हती, एक पाय भुईला टेकवून तसाच बसला होता, आन् समूचं दप्तर हँडलला अडकवलेलं होतं.

"झालं?" त्यानं विचारलं. "चल गं समू, दौंडच्या आजीकडं सोडतो. आईला काम हाय."

समू हिरमुसली. गाडीवर बसताना म्हणाली, "आई, तू येणार म्हणलीवतीस ना दौंडला ऱ्हायला?" मी येते म्हणलं. गाडी वळली. कोपऱ्यावर जाईपर्यंत ती मान वळवून हात हलवत होती, मी कधी हात हलवते त्याची वाट बघत. मला हात हलवता आला न्हाई. तो मनगटाला धरला होता.